बाटलीतली सर्पगंधा

१२ सप्टेंबर ६३. कोहका.

एका हिरव्या पानाची खरी किंमत आज लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणालं की वासनिकला सगळं आयतं मिळालं, तर त्याच्यापुढे धरायला.

बाटल्या त्रेसष्ट. त्यांतल्या एकवीस बायकोच्या, म्हणजे शेवंताच्या, लोणच्या-मुरंब्याच्या, न विचारता घेतलेल्या. कुकरचं रबर एक. स्पिरिटच्या दिव्यावर भाजलेली बोटं दोन, डाव्या हाताची. कुकर माझ्या ताब्यात, म्हणून घरात डाळ शिजायला रोज दोन तास, असे सात आठवडे. शिवाय शेवंताचा चांगला स्वभाव. तो किती खर्ची पडला ते मोजता येत नाही.

एवढं सगळं घातलं तेव्हा परवा एका बाटलीत सर्पगंधेच्या कांडीतून पान निघालं. करंगळीच्या नखाएवढं. आनंदात चरोद्यापर्यंत सायकल मारून आलो, काम काही नव्हतं.

आज त्या पानावर पांढरी बुरशी. दुपारी पान नाही, नुसता कापूस.

शेवंता: "एवढ्यात डाळ शिजली असती तं कोणाच्या पोटात तरी गेली असती."


१५ सप्टें.

जंगल खात्याचा कागद चौथ्यांदा वाचला. मजकूर तोच आहे.

रानातली सर्पगंधा खोदणं बंद. ज्याची स्वतःची लागवड, त्यालाच मुळाचा अर्क काढायचा परवाना. रेंजरसाहेब मार्चच्या मध्यात येणार आणि शंभर रोपं मोजणार. स्वतः वाढवलेली, जिवंत, मातीत. नव्व्याण्णव भरली तर शेडला कुलूप.

शेड म्हणजे काय, टिनाचं छप्पर, तीन पिंपं, एक तांब्याचं पातेलं. पण ब्लडप्रेशरवरचा तो अर्क दुर्ग-राजनांदगावपासून नागपूरपर्यंत जातो आणि डब्यावर माझं नाव असतं. पूर्वी माझं नाव फक्त हजेरीपटावर असायचं, 'बाटल्या धुणारा' या शब्दांपुढे.

गोदामात पावतीचं जुनं मूळ आहे, दोन मण, ते वर्षभर पुरेल. त्यापुढे जे काय करायचं ते या कांड्यांवर.

साधे उपाय करून झाले. जूनमध्ये बी पेरलं. चारशे दाण्यांतून नऊ उगवले, सहा गोगलगायींनी खाल्ले, तीन सुकले. कलमं लावली ती पावसात सडली. परसात अकरा झाडं आहेत, मूळ खोदणाऱ्या फुलबासननं मागं रानातून आणून दिलेली. अकराची शंभर करायची तर एकेका कांडीतून झाड काढावं लागेल. म्हणून बाटल्या.

इथून पुढे शेवंताऐवजी शे. लिहीन. बोटं दुखून राहिली.


१९ सप्टें.

काळेबाबू आले होते. भिलाईच्या स्टील प्लांटात, हिशोब खात्यात आहेत, सेक्टरात क्वार्टर, पण रविवारचा चहा आमच्याकडे. बाटल्यांची रांग पाहून म्हणाले, "वासनिकजी, हे असं जेलीत झाड लावाचं तुमाले शिकवलं कोणं?"

म्हटलं, "कानानं."

खरंच सांगितलं. नागपुरात कॉलेजच्या वनस्पतीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. प्रोफेसर लोक माझ्या डोक्यावरून बोलायचे, जसं काही खाली डोकं नाहीच. नारळाचं पाणी, साखर, चार प्रकारचे क्षार, चायना ग्रास. शिजवून जेली करायची, तिच्यात झाडाचा तुकडा टोचायचा. बाहेरचा एक जंतू आत जाऊ द्यायचा नाही. मग तुकड्यातून पूर्ण झाड. मी तोटी बारीक करून ऐकायचो. पाण्याच्या आवाजात अर्धं निसटायचं.

काळेबाबू: "आणि वही?"
"वही त्यायच्याजवळ होती. माह्याजवळ साबण होता."


२४ सप्टें.

आणखी सतरा बाटल्या कापूस. आता मोजायचं बंद केलं होतं तरी मोजल्याच.

कुकरचा दोष नाही. कुकर मी कानावर चालवतो. शिट्टी होऊ द्यायची नाही, बारीक सूं चालू झालं की तिथंच आच धरायची, वीस मिनिटं. बाटली बाहेर येते ती स्वच्छच येते. घाण नंतर शिरते, मी झाकण काढून कांडी टोचतो तेव्हा. भिलाईची हवा. सकाळी पाट पुसला की दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं, लाल मातीचं.


२ ऑक्टोबर.

सुताराकडून लाकडाची पेटी करून घेतली. पुढं काच, खाली दोन भोकं, भोकांना माझ्या जुन्या पायजम्याचे पाय शिवलेले. त्या पायांत हात घालून आतल्या आत काम करायचं. आधी आत स्पिरिट पुसायचं. कांड्या ब्लीचिंगच्या पाण्यात दहा मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा.

शे.नं दारातून पाहिलं. "पायजम्यात हात घालून बसलेला मानूस जलमात पाह्यला नोता." शेजारणीला हाक मारून दाखवलं.


११ ऑक्टो.

चाळीस बाटल्या, नऊ दिवस, बुरशी फक्त दोनांत. पेटी जिंकली!

काळेबाबूंना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. "स्वच्छ आहे," म्हणाले. "पण उगवलं काय?"

उगवेल.


२१ ऑक्टो.

नाही उगवलं. अडतीस बाटल्या, अडतीस कांड्या, सगळ्या जिवंत आणि मुक्या. ना पान ना कोंब. काहींची बुडं तपकिरी व्हायला लागली. साखर वाढवून पाहिली, क्षार कमी केले. व्हिटॅमिनची गोळी अर्धी घातली, मग पाव. कांडी बसल्या जागी बसून आहे, सरकारी कचेरीतल्यासारखी.

फुलबासन आली होती. मूळ खोदणारी. तिच्याशी माझा दहा वर्षांचा व्यवहार, बांध्याची बाई, तोंडाची तिखट. रिकाम्या हातानं आली हे पहिल्यांदाच. "जंगल म जरी नइ हे बाबू. बंदी के पहिली ले नइ हे. जम्मो ला हमन खोद डारेन." मूळ सरलं, आणि आपणच सरवलं, हे तिनं सरळ सांगितलं. मग बाटलीकडं बोट करून: "ये ह का करत हे?"
म्हटलं, "बैठे हे."
"त उठाव ना."


२९ ऑक्टो.

आजचा दिवस लाल शाईनं लिहायला पाहिजे होता, शाई नाही.

नारळ घ्यायला सुपेल्याच्या बाजारात गेलो, नेहमीच्या दुकानात, देवळाच्या कडेला. सहा पाहिजे होते. मालक गिऱ्हाइकात होता. आतून बाईचा आवाज आला, हळू, पण माझे कान आहेत: "पुजारी का बोरा आ गया." मालक तसाच हळू: "वही आगे रख. पहले वो निकाल."

पुढ्यातला नारळ उचलला. शेंडी फाकवली. आत कुंकू! दुसरा उचलला, त्यालाही. कानाशी धरून हलवला. खळखळ, खळखळ. पाणी अर्धंही नाही. नारळ भरलेला असला की तो असा बोलत नाही, नुसता धप्प असतो. दोन महिने मी हा आवाज ऐकत होतो आणि काय समजत होतो? की वा, पाणी भरपूर आहे.

एक तिथंच दगडावर फोडला. पाणी पिवळट, वास आंबूस. हे मी कांड्यांना पाजून राहिलो होतो.

काळेबाबूंना सांगितलं तर ते सायकल धरून हसले. "अवो, देवाले वाहिलेला नारळ संध्याकाळी मागच्या दारानं दुकानात परत जाते. एकेक नारळ पाच-पाच वेळा देवापुढं जाऊन येते. हे लहान पोट्ट्यालेबी ठाऊक आहे. तुमालेच कसं नाई?"

"सात वर्षं झाली बाप्पा, देवळाची पायरी चढलो नाई. दीक्षा घेतली तवापासून आमचा नारळाशी संबंध चटणीपुरता."

"मंग मले विचारावं ना!"

"काय विचारू? नारळ ताजा आहे काय म्हणून?"

घरी शे.ला सांगितलं. तिनं चटणीचं भांडं पुढं सरकवलं. मग: "मी म्हनतच होती, चटनीले वास येऊन राह्यला. तुमी म्हटलं माह्यं नाक खराब आहे."

म्हटलं होतं. आठवतं.


३ नोव्हें.

भिलाईत नारळाचं झाड नाही. हिरवा नारळ कुठून आणणार? चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत अप्पाराव गार्ड आहेत, वाल्टेअरकडचे, आंध्रच्या किनाऱ्यावरचे, गाडी घेऊन तिकडं जाणं-येणं, आणि ब्लडप्रेशरसाठी माझ्याच अर्काचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडे गेलो.

"कच्चा चाहिए? कितना? पूजा है?"
"पूजा नहीं, झाड के लिए."
"झाड को डालेंगे नारियल पानी?" बायकोला आत तेलुगूत काही सांगितलं. ती हसली ते मला भाषेशिवाय कळलं.

म्हटलं, अप्पारावजी, तुम्ही जे औषध घेता ते पुढच्या वर्षी मिळायचं असेल तर आठ नारळ लागतील.
"तो दस लाऊँगा."


८ नोव्हें.

दहा आले. ब्रेकव्हॅनमधून, ओल्या पोत्यात. कानाशी हलवले. धप्प. एकदम गप्प नारळ. एक फोडून घोटभर चाखला, गोड. उरलेलं गाळून जेलीत. चव्वेचाळीस बाटल्या लावल्या.


१९ नोव्हें.

आज सकाळी चौदा बाटल्यांत हिरवं टोक. चौदा! एकाच सकाळी.

शे.ला उठवायला गेलो तर ती आधीच शेल्फापुढं उभी. "पंधरा हायेत," म्हणाली. "थ्या कोपऱ्यातलं तुमाले दिसलं नाई."


२८ नोव्हें.

चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस वर आल्या. काहींना तीन-तीन पानांचे दोन घेर. काळेबाबूंनी आज बायकोला आणलं, तिनं आणखी दोघींना. आमच्या घरात एवढ्या चपला पहिल्यांदा पाहिल्या. एक बाई म्हणाली, "काचेत मासे ठेवतात तसं झाड ठेवलं." बरोबरच आहे. मी माणसाळलो जरा, सगळ्यांना पायजम्याची पेटी दाखवली. एरवी लपवतो.

नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत अशी एकाच शेल्फावर एकोणचाळीस जिवंत मी कधी पाहिली नव्हती. मरून काळी पडलेली मात्र पुष्कळ धुतली.


१४ डिसें.

कापणी केली. प्रत्येक कोंबाचे तीन तुकडे, प्रत्येक तुकडा नव्या बाटलीत. एकोणचाळिसांचे एकशे सतरा. अप्पारावांनी आणखी बारा नारळ आणले, आता त्यांना स्वतःलाच चैन पडत नाही. स्टेशनमास्तरला सांगून आले म्हणे, "मेरा खेती है कोहका में."

बाटल्या संपल्या. वस्तीतून रिकाम्या टॉनिकच्या मागवल्या. शे.नं गल्लीत निरोप फिरवला तर संध्याकाळपर्यंत दारात ढीग. लोक एवढं टॉनिक पितात आणि तब्येती अशा!


२९ डिसें.

थंडी. वाढ थांबली. पानं खाली.

शे. म्हणाली, "चुलीच्या भितीले लावा." स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला शेल्फ ठोकलं. हात लावला तर भिंत दिवसभर कोमट. तिला हे वीस वर्षं ठाऊक, मला आज. आता शेल्फ तिच्या राज्यात आहे. मला विचारून आत यावं लागतं.


१६ जानेवारी ६४.

बाटल्यांत पांढरी मुळं. खाली काचेला टेकलेली, दोऱ्यासारखी. नागपूरहून जुन्या ओळखीच्या लॅब-कीपरनं पुडीतून एक चिमूटभर औषध पाठवलं होतं मुळं फुटायला, ते लागू पडलं. नऊ-दहा दिवसांत फुटली.

आज एकशे तीन बाटल्यांत पानंही आहेत आणि मुळंही. म्हणजे झाडंच. उद्या मातीत.


१७ जाने.

बावीस लावली. सकाळी साडेनवाला लावली, साडेअकराला झोपली. दुपारी उभं एकही नाही. पाणी घातलं, सावली केली. ओल्या दोऱ्यासारखी जमिनीला चिकटली.

बावीस.

मी ओट्यावर बसलो. शे. बाहेर आली, पाहिलं, आणि जे बोलली ते शब्दाला शब्द लिहितो:

"बाळंतीन अन् तिचं लेकरू, पहिल्या दिवशी उन्हात काढता का तुमी? सव्वा महिना कोन्टीत ठेवते बाई तिले. कान बांधते. कवाडबी उघडं ठेवत नाई. तुमी काचेतल्या लेकराले एकदम भिलाईच्या वाऱ्यात आनून ठेवलं, अन् वरून पानी मारून राह्यले."

म्हटलं, "मंग काय करावं?"

"तुमी काई करू नका. मी करतो."


१८ जाने. ते ३० जाने., एकदम लिहितो. मला काही करायला नव्हतं.

शे.ची पद्धत: माती चाळलेली, तव्यावर भाजलेली. रोप लावलं की त्यावर काचेचा ग्लास पालथा. खोलीत, चुलीच्या भिंतीपाशी. पाच दिवस ग्लास उचलायचा नाही. सहाव्या दिवशी ग्लासाखाली काडी, एवढीशी फट. आठव्या दिवशी दोन काड्या. दहाव्या दिवशी दुपारी घटकाभर ग्लास काढायचा, परत ठेवायचा. बाराव्या दिवशी बारसं, म्हणजे ग्लास पूर्ण काढायचा, पण खोलीतच. मग ओसरी. मग परस, गोणपाटाच्या आडोशाला.

ग्लास कमी पडले. गल्लीतल्या सगळ्या घरचे आले. आमच्याकडे पाहुणे आले की दोन आठवडे लोट्यानं पाणी.

बारा दिवसांत एक्क्याऐंशीपैकी एक्क्याऐंशी उभी. एक नाही पडलं. मी विचारलं, कान कसे बांधले? ती हसली.


९ फेब्रु.

शंभरला अजून एकोणीस कमी. जानेवारीत काही कोंब परत कापून ठेवले होते. तेच वाचवतील. छत्तीस बाटल्यांत मुळं फुटून राहिली. शे.नं आज ग्लास परत मागवले. एका घरनं पितळेचा दिला, तिनं तो परत पाठवला, "उजेड पायजे लेकराले."


२ मार्च.

परसात आणि ओसरीत मिळून, रानातली अकरा सोडून, एकशे सोळा. दोन शेळीनं खाल्ली. शेळी कोणाची ते ठाऊक आहे, बोललो नाही, शेजार आहे. मार्चच्या मध्यापर्यंत एकशे चौदाला धरून राहायचं. आता फुलबासन राखण करते. आपली काठी घेऊन, न सांगता.


१६ मार्च.

रेंजरसाहेब आले. जीप, दोन गार्ड, हातात कागद. सगळी गल्ली दारात.

आधी त्यांचा विश्वासच नाही. "ये जंगल से उखाड के लगाया है, वासनिक. मैं नया आदमी नहीं हूँ."

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. भिंतीला शेल्फ, शेल्फावर बाटल्या, बाटल्यांत रोपं, मागं पांढरी मुळं काचेला टेकलेली. ते वाकले. बराच वेळ वाकूनच होते. मग टोपी काढली, कारण शेल्फाला लागत होती, पण मला ते फार बरं वाटलं.

"ये बोतल में आपने किया?"
"मी आणि मिसेसनं."
"कहाँ सीखा?"
काळेबाबू मागून म्हणाले, "कानानं, साहेब."

बाहेर येऊन मोजायला लागले. गार्डनं एकेका रोपाशी चुन्यानं खूण केली. शे. ओसरीवरून तोंडातल्या तोंडात मोजत होती, गार्ड चुकला की खाकरायची. एकशे चौदा. दोघांचेही एकशे चौदा.

तरी साहेबांची शंका. एका रोपाचं खोड धरून ओढून पाहिलं. नुसतं खोचलं असेल तर हातात येईल. नाही आलं. जोरानं ओढलं. नाही आलं. "पकड लिया है," म्हणाले. "जड पकड लिया है."

मग मी काय बोललो! आतापर्यंत आवरलं होतं. सगळी गल्ली उभी, अप्पाराव ड्यूटी बदलून आलेले, फुलबासन काठीला टेकून. म्हटलं, "साहेब, या सालच्या हिवाळ्यात या. याच झाडांचं मूळ तुमच्या हातात देतो. अंगठ्याएवढं जाड. रानात असं मिळणार नाही. रानाची गरजच संपली समजा."

फुलबासनला म्हटलं, "तोर काम मैं बंद कर देहूँ." ती म्हणाली, "देखबो."

साहेबांनी कागदावर सही केली. एक वर्ष. मार्चमध्ये परत पाहणी, तेव्हा मूळ वजन करून दाखवायचं.


१७ मार्च.

कुकर परत दिला. अर्ध्या तासात डाळ शिजली. शे. गुणगुणून राहिली. मी ऐकतो आहे हे तिला कळू न देता ऐकतो.

शेडच्या दारावर नवीन पाटी रंगवायला टाकली. नावाखाली एक ओळ वाढवली: 'स्वतःच्या लागवडीची सर्पगंधा'. काळेबाबू म्हणाले, "बाटली धुणाऱ्याची पाटी!" म्हटलं, हो, तसंच लिहिलं तरी चालेल.


२१ जुलै.

पाऊस मनासारखा. एकशे चौदा रोपं गुडघ्याला लागली. फुलं आली, पांढरी, दांडी लाल. काळेबाबूंच्या बायकोनं केसात माळायला मागितली. नाही म्हटलं. मग एक दिलं.


४ सप्टें.

नागपूरच्या प्रयोगशाळेतून एक तरुण प्रोफेसर पाहायला आले. ते बोलत होते, मी ऐकत होतो, सवयीनं. मग ते थांबले आणि वही काढली. म्हणाले, "तुम्ही बोला, मी लिहून घेतो."

भाजलेली माती, ग्लास, काडीची फट, सगळं सांगितलं. एका ठिकाणी म्हटलं, हे मिसेसना विचारा. त्यांनी विचारलं. शे.नं सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. 'बाळंतीण' हा शब्द त्यांनी तसाच लिहिला, मी वाकून पाहिलं.


९ डिसेंबर ६४.

आज बाटलीतल्यांपैकी एक झाड काढलं. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत उंच, माझ्या कमरेला लागणारं. फुलबासननं काढलं, तिच्या हाताला सवय आहे. आजूबाजूनं खोदत गेली. हातभर खोल गेली. मी खड्ड्याशी उकिडवा बसलो होतो, मापाला अंगठा तयार.

खाली मूळ नाही. म्हणजे एक मूळ नाही. बारीक मुळ्यांचा झुपका, पन्नास-साठ, सुतळीच्या दोऱ्याएवढ्या. मातीला अशा घट्ट धरून की ओढल्या तरी येत नव्हत्या. साहेबांच्या हाताला हेच लागलं होतं.

बी उगवलं की त्याला सरळ खाली जाणारं सोटमूळ येतं, तेच जाड होतं. कांडीला सोटमूळ नसतं. हे मी प्रयोगशाळेत ऐकलेलंच नव्हतं. तोटी मोठी असेल त्या दिवशी.

फुलबासननं माती झटकली, झुपका हातावर उलटा धरला. "ये ह तो दाढ़ी ए बाबू. जरी नोहय." दाढी म्हणे, मूळ नव्हे.

एक मुळी तोडून जिभेवर ठेवली. कडू आहे. चांगली कडू, रानातल्याइतकी. शे.नं पण चाखली, तोंड वाकडं केलं, म्हणाली, "दवाई तं हाये."

मार्चला तीन महिने आहेत. बाकीची काढायची की ठेवायची ते ठरलं नाही. प्रोफेसरांना पत्र लिहिलं, अजून टाकलं नाही.

झुपका धुऊन चुलीच्या भिंतीला वाळवला, सोनाराच्या काट्यावर तोलून आणला. सव्वा मासा. शेडला वर्षाला दोन मण लागतं, आणि एकशे चौदांचं मिळून बारा तोळे भरत नाही.